सीए इंटरचा ग्रुप अडकलाय? उमेद टिकवायची तर क्रम असा लावा

सीए इंटर म्हणजे सीएची मधली परीक्षा, तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. तिच्या दर निकालानंतर हाच प्रकार बघतो. दोन दिवस घरात कुणाशी बोलणं नाही. तिसऱ्या रात्री मोबाईलवर ‘पाचव्या प्रयत्नात यश’ छापाचे व्हिडिओ. चौथ्या दिवशी रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक, पहाटे साडेचार ते रात्री अकरा. दहाव्या दिवशी वेळापत्रक भिंतीवर आणि माणूस गादीवर. मग तक्रार एकच: मोटिव्हेशन टिकत नाही.

टिकणार कसं? आपण उत्साह आधी गोळा करतो आणि त्याच्या जोरावर चार महिने ओढायला बघतो. आठ-दहा दिवसांत तो संपतोच, तुमचाही आणि रँकवाल्याचाही. काल काय जमलं ते कागदावर दिसलं, तर मात्र आज बसावंसं वाटतं. म्हणून कागद आधी.

मी बेळगावातल्या वडगावचा. इंटरचा पहिला ग्रुप मे २०२४ला गेला, सप्टेंबर २०२४ला गेला, जानेवारी २०२५ला निघाला. दुसरा त्यानंतर, आणि आता आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, चालू आहे. पुढचं सगळं इंटर डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय. सीएमए, सीएस किंवा सीए फायनलवाल्यांनी गुणांचे आणि तारखांचे नियम आपापले बघावेत. कामांचा क्रम तोच चालतो.

१. आधी गुणांचा हिशेब, वेळापत्रक नंतर

लागणारं साहित्य: मागची मार्कशीट, दोनशे पानी वही, पेन्सिल. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

नियम तुम्हाला पाठ असतील, तरी वहीत लिहा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, म्हणजे तीन पेपरांत मिळून १५०. दोन्ही ग्रुप एकदम दिले तर सहा पेपरांत मिळून ३०० आणि प्रत्येकात ४० असले तरी भागतं. एका ग्रुपची तूट दुसरा भरून काढतो. ग्रुपमधले सगळे पेपर दिले आणि ग्रुप गेला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त पडले, तर त्या पेपरात पुढच्या तीन अटेम्प्टपुरतं एक्झम्प्शन मिळतं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही आणि ते गुण धरले जातात.

आता माझीच मार्कशीट घ्या. पहिल्या खेपेला अकाउंट्स ५५, लॉ ४३, टॅक्स ५१. बेरीज १४९. एक गुण. दुसऱ्या खेपेला ६४, ३८, ४९. बेरीज १५१, पण लॉ ४०च्या खाली, म्हणून नापास. त्या दिवशी मी ‘सलग दोनदा फेल’ एवढंच वाचलं. आठवड्याभरानं वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की अकाउंट्सचे ६४ हातात आहेत आणि उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ हवेत. प्रत्येकी ४३. लॉमध्ये एवढे गुण मला पहिल्या खेपेला पडलेच होते.

‘सीए व्हायचंय’ म्हणून मला सकाळी सहाला कधी जाग आली नाही. ‘लॉचे ३८चे ४३ करायचेत’ म्हणून आली.

पुढची पायरी: हे पाच गुण कुठून येणार? पेपराची फोड करा. इंटरच्या प्रत्येक पेपरात ३० गुण एमसीक्यूचे (पर्याय निवडायचे प्रश्न), ७० लिहायचे. लॉमध्ये कंपनी कायदा आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) ७० गुणांचं. जनरल क्लॉजेस अॅक्ट, कायद्याचा अर्थ लावायचे नियम आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) मिळून ३०. टॅक्समध्ये इन्कम टॅक्स ५०, जीएसटी ५०. मी फेमा आणि जनरल क्लॉजेसला दोन्ही वेळा हातच लावला नव्हता, ‘वेळ मिळाला तर’ म्हणून. पाच गुण तिथंच पडलेले होते.

*इथं थांबून तपासा:* वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक पेपरापुढं दोन आकडे आहेत का, मागचे गुण आणि हवे असलेले गुण? ‘हवे असलेले’मध्ये ७०-७५ लिहिले असतील तर खोडा. हव्या गुणांत पाच-सात मिळवा आणि थांबा.

२. हाती खरोखर किती दिवस आहेत ते मोजा

इंटर सध्या वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे, सप्टेंबर. ऐकायला बरं वाटतं. पण पेपर संपल्यापासून निकाल लागेपर्यंत दीड-दोन महिने जातात, आणि निकालानंतर पुढच्या पेपराला जेमतेम दोन महिने उरतात. जानेवारीचा निकाल मार्चच्या सुरुवातीला, पुढचे पेपर मेच्या सुरुवातीला. म्हणजे साठ दिवस. त्यातून काय काय वजा होतं ते कॅलेंडरवर खुणा करून बघा.

आपल्याकडं वजाबाकी मोठी आहे. मेच्या पेपरांच्या आसपास वैशाखातली शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक. लग्नसराई आहेच. सप्टेंबरला गणपती: २०२४ला चतुर्थी ७ तारखेला, अनंत चतुर्दशी १७ला आणि आमच्या ग्रुपचे पेपर १२पासून. जानेवारीत संक्रांत: २०२५ला ११, १३, १५ला पेपर आणि मध्ये चौदाला तिळगूळ. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडच्या पोरांना जुलैत रोप लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे भाताची सुगी चुकत नाही. खानापूरकडं पावसाळ्यात रात्र रात्र वीज नसते. निपाणी-चिकोडीकडं उसाला तोड आली की घरात दुसरा विषय नसतो.

आणि कोल्हापूरला क्लास लावलेल्यांसाठी एक: सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की सगळ्यात आधी दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ला थांबल्या, फेब्रुवारी २०२५ला थांबल्या. त्या दिवसांसाठी लेक्चर मोबाईलवर उतरवून ठेवा, नाहीतर घरी बसून बातम्याच बघणं होतं.

सणाला बसायचंय तर बसा, पण तो दिवस आधीच काट मारून ठेवा. ठरवून घेतलेली सुट्टी दुसऱ्या दिवशी टोचत नाही. ‘आजही अभ्यास बुडाला’ ही टोचणी न ठरवता घेतलेल्या सुट्टीची असते, आणि तीच पुढचे तीन दिवस खाते.

साठ दिवसांचे बहुतेकांच्या हाती पंचेचाळीस येतात. वेळापत्रक पंचेचाळीसचं करा.

३. घरच्यांशी एकदाच, पण कागद घेऊन बोला

ही पायरी लोक गाळतात आणि मग चार महिने रोज थोडं थोडं भांडतात.

आमच्या घरी विणकामाचे दोन माग. दिवसभर खटखट. मी सुताच्या कांड्या भरून देत अभ्यास करायचो, म्हणजे दोन्ही अर्धवट. नोव्हेंबरात एका रात्री पप्पांच्या पुढं वही ठेवली: हे ६४ आलेत, हे ८६ पाहिजेत, एवढे दिवस आहेत. त्यांना कंपनी कायदा कळत नाही, वजाबाकी कळते. म्हणाले, ‘मग दुपारचं कांडीचं मी बघतो की. तू कुठं बसणार हाईस?’ त्या एका बोलण्यानं शहापुरातल्या मित्राची वरची खोली दुपारी दीड ते साडेपाच ठरली.

बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा. रोजचे कोणते तास तुमचे, घरचं कोणतं काम तुम्ही सोडणार नाही (एक तरी ठेवा, सगळं सोडलं की घरातली बाकीची मंडळी गप्प गप्प होतात), आणि किती अटेम्प्टनंतर पुन्हा असंच बसून बोलायचं. ही तिसरी बाब अवघड आहे, पण ती ठरली की दर निकालाला ‘आता काय’ हा प्रश्न घरभर फिरत नाही.

नातेवाइकांसाठी एक उत्तर तयार ठेवा. ‘अजून सीएच करालास काय रे?’ याला ‘हो’ म्हटलं की भाषण ऐकावं लागतं. मी सांगायचो, ‘काका, जानेवारीला लॉ आणि टॅक्स आहे, ८६ पाहिजेत.’ पुढच्या लग्नात काकांनी विचारलं, ‘मग किती झाले?’ हा प्रश्न परवडतो.

४. पुस्तकांचा एकच संच, आणि तो चालू कायद्याचा

थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. संस्थेचं (परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयचं) स्टडी मटेरियल किंवा तुमच्या क्लासचं पुस्तक, दोन्हींपैकी एक. त्याच्या जोडीला संस्थेच्या वेबसाइटवर फुकट मिळणारे आरटीपी (उजळणीचे प्रश्नसंच), एमटीपी (सराव परीक्षेचे पेपर) आणि मागच्या पेपरांची सजेस्टेड उत्तरं. बास. नापास झाल्यावर सर बदलणं, नवीन नोट्स आणणं, पेन ड्राइव्हमधून कुणाचे तरी लेक्चर घेणं, हे सगळं कामाला लागल्यासारखं वाटतं आणि पहिल्या धड्यावर परत नेऊन सोडतं.

*सावधान:* टॅक्सच्या जुन्या नोट्स दादा-ताईंकडून फुकट मिळतात, त्या तपासल्याशिवाय वापरू नका. नवा आयकर कायदा, २०२५, हा १ एप्रिल २०२६पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या दुरुस्त्या धरायच्या, हे संस्था त्या त्या परीक्षेसाठी जाहीर करते. तो कागद छापून वहीच्या मागं चिकटवा.

५. रोजची वही: तास लिहू नका

आठ तास बसलो, दहा तास बसलो, हा हिशेब कुणालाही फसवतो, पहिल्यांदा स्वतःला. वहीत तीनच रकाने: तारीख, काय सोडवलं किंवा लिहिलं, किती बरोबर. ‘वाचलं’ हा शब्द त्या रकान्यात चालत नाही.

माझ्या वहीतल्या तीन ओळी जशाच्या तशा:

१२ नोव्हें. – लॉ, शेअर कॅपिटल. ४ उत्तरं लिहिली. २ बरोबर. एकात कलम विसरलो.
१३ नोव्हें. – ताप. ५ एमसीक्यू. ३ बरोबर.
१४ नोव्हें. – टॅक्स, घरभाडं. ३ गणितं, तिन्ही चूक. पालिकेचा कर वजा करायच्या आधीच ३० टक्के काढले.

चौदा तारखेची ओळ लाजिरवाणी वाटेल. पण ती लिहिली म्हणून पंधराला तेच गणित पुन्हा केलं, आणि जानेवारीच्या पेपरात घरभाड्याचं गणित बघून हात थरथरला नाही.

कोटे दोन ठरवा. एक नेहमीचा: माझा होता सहा लिहिलेली उत्तरं किंवा गणितं आणि वीस एमसीक्यू. दुसरा वाईट दिवसाचा: पाच एमसीक्यू, एवढंच. ताप, पाहुणे, वीज गेली, भांडण झालं, काहीही असो, हा दुसरा कोटा वीस मिनिटांत होतो. पाच एमसीक्यूनं अभ्यास पुढं सरकत नाही, मान्य. पण वहीत कोरी ओळ पडत नाही. एक कोरी ओळ पडली की दुसरी सहज पडते, आणि तिसऱ्या दिवशी वही उघडायचीच भीती वाटते. मी सप्टेंबरच्या आधी असाच अकरा दिवस गेलो.

नेहमीची चूक: बुडालेलं काम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायला जाणं. सहाची बारा उत्तरं होत नाहीत, होतात सात, आणि वर ‘आजही जमलं नाही’. बुडालेलं रविवारच्या दुपारी ढकला. ती दुपार मुद्दाम रिकामी ठेवायची. तिथंही मावलं नाही तर सोडून द्या.

*तपासा:* आठवड्याच्या शेवटी ‘किती बरोबर’ची बेरीज करा. एवढा एकच आकडा मागच्या आठवड्याशी ताडून बघायचा. मित्राच्या आकड्याशी नाही.

६. लिहून बघणं, आणि तेही इंग्रजीत

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. मराठी शाळेतून दहावी, मग आरपीडी, ज्योती किंवा गोगटे अशा ठिकाणी पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीकॉम, हा आपल्यातल्या अनेकांचा रस्ता. सीएचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहिता येतो. मराठी नाही, कन्नडही नाही. डोक्यात उत्तर असतं, कागदावर वाक्य उतरत नाही, वेळ संपते. घरी येऊन आपण म्हणतो, ‘माझ्यानं होत नाही.’ होत असतं. लिहायचा सराव नसतो. उमेद खचायचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलंय, आणि त्यावर कुठलाही व्हिडिओ चालत नाही.

एक प्रश्न घेऊन दाखवतो. पब्लिक कंपनी, सभासद १२००. सर्वसाधारण सभेला १४ जण स्वतः हजर आणि तिघांचे प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या वतीनं आलेली माणसं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाला का?

(अ) आधी मराठीत मोठ्यानं सांगा, भिंतीला सांगितलं तरी चालेल. ‘हजाराच्या वर आणि पाच हजारांपर्यंत सभासद असले की पंधरा लागतात. प्रॉक्सी मोजत नाहीत. चौदाच झाले. कोरम नाही. अर्ध्या तासात झाला नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी.’ एवढं न अडखळता आलं, तर धडा येतोय. नाही आलं तर पुस्तकाकडं परत. इंग्रजीला दोष द्यायचा नाही.

(आ) मग इंग्रजीत तीन तुकड्यांत लिहा: कायदा काय म्हणतो, इथं काय घडलंय, म्हणून निष्कर्ष काय. छोटी वाक्यं. व्याकरणाची फार काळजी करू नका, कायद्यातले शब्द मात्र तेच हवेत.

(इ) नऊ मिनिटांत थांबा. १०० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे पाच गुणांना नऊ.

(ई) छापील उत्तराशी ताडा. आपल्या उत्तरात कोणता शब्द नाही, त्याच्याखाली रेघ मारा. मी याच धर्तीच्या उत्तरात ‘चौदा मेंबर केम’ असं लिहिलं होतं. कायद्यातला शब्द ‘पर्सनली प्रेझेंट’. प्रॉक्सी का मोजायचे नाहीत, ते त्या दोन शब्दांतच आहे. ते नसले की पुढचं बरोबर असूनही उत्तर लंगडं पडतं.

(उ) तो शब्द वहीच्या शेवटच्या पानांवर. ‘शॅल’ आणि ‘मे’, ‘ऑर्डिनरी रिझोल्यूशन’ आणि ‘स्पेशल रिझोल्यूशन’, अशा जोड्या शेजारी शेजारी लिहा. तीन दिवसांनी तोच प्रश्न न बघता पुन्हा.

सुरुवातीला एका उत्तराला पाऊण तास जाईल. जाऊ दे. तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर येतं.

तपासायला दुसरं माणूस शोधा. माझा जोडीदार खानापूरचा होता; रोज रात्री एकमेकांना एका उत्तराचा फोटो पाठवायचो आणि गुण द्यायचो. अट एकच: अर्धा गुणही दयेचा द्यायचा नाही. त्यानं मला एकदा पाचांपैकी एक दिला, दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर पुन्हा वाचलं. एकच होता.

*सावधान:* पहिला पूर्ण एमटीपी सिलॅबस संपल्यावर देऊ, असं म्हणू नका. सिलॅबस संपत नाही. निम्मा झाला की द्या, तीन तास, घड्याळ लावून. गुण वाईट येतील. मला लॉमध्ये २७ आले. २७ घरी पडलेले बरे. एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी मी त्या दिवशी चार कोरे सोडले होते, हेही तेव्हाच कळलं.

७. पाच-सहा आठवड्यांनी जे होतं ते

निकालाच्या आठवड्यात सोडून देणारे कमी असतात. पाच-सहा आठवडे झाले की माणूस गळतो. राग ओसरलेला असतो, परीक्षा अजून लांब असते आणि रोज तेच. ओळखायच्या खुणा: नोट्स पुन्हा सुवाच्य अक्षरात काढाव्याशा वाटणं, सरांच्या शिकवण्यात चुका दिसायला लागणं, बँकेच्या जाहिराती उघडून बघणं, अभ्यासिकेबाहेर चहाला दीड तास लागणं.

यावर उपाय या क्रमानं:

पहिले तीन दिवस फक्त वाईट दिवसाचा कोटा. जबरदस्ती नाही, कोरी ओळही नाही. रात्री झोप पूर्ण.

मग वहीतला पहिला आठवडा काढा आणि तेव्हा चुकलेली पाच गणितं आज सोडवा. चार तरी सुटतात. हे मी प्रत्येकाला करायला लावतो, कारण बदल स्वतःच्याच अक्षरात दिसतो, कुणी सांगावा लागत नाही.

मग जागा बदला. विषय बदलू नका. शहापुरातली खोली सोडून मी आठवडाभर वाचनालयात बसलो, एवढंही पुरलं.

‘सोडावं का’ हा विचार आला तर दाबू नका, वहीत तारखेसह लिहा आणि पुढं पेपर संपल्यानंतरची एक तारीख टाका. निर्णय त्या दिवशी. गळाठलेल्या आठवड्यात असले निर्णय घ्यायचे नाहीत, मग उत्तर काहीही असो. सोडणं ही काही शरमेची गोष्ट नाही. माझ्याबरोबरचे दोघे सोडून गेले, एक बँकेत आहे, एक उद्यमबागला फौंड्रीचे हिशेब बघतो, दोघांचं बरं चाललंय. पण दोघांनी पेपर देऊन मग ठरवलं.

*सावधान:* दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, किंवा आपण नसलेलंच बरं असं मनात येतंय, तर हा मोटिव्हेशनचा विषय राहिलेला नाही. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. हे पान मिटून आधी तो फोन करा.

८. शेवटचे पंधरा दिवस आणि पेपर

पेपर दुपारी दोन ते पाच. वर्षभर पहाटे अभ्यास करणाऱ्याचा मेंदू दुपारी अडीचला पेंगतो, ही अगदी साधी गोष्ट शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. पंधरा दिवस आधीपासून रोज दोन ते पाच टेबलावर, लिहीत. जेवण साडेबाराला, भात कमी. (आईला हे पटवणं लॉपेक्षा अवघड गेलं.)

नवीन काही उघडायचं नाही. वही, शेवटच्या पानांवरचे शब्द, चुकलेली गणितं, आरटीपी.

केंद्र आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. खानापूर, निपाणीहून येणाऱ्यांनी एक बस आधीची धरा. टिळकवाडीच्या बाजूला केंद्र असेल तर वाटेत रेल्वे गेट लागतं का ते बघा. गेट पडलं की दहा मिनिटं गेली आणि छातीतली धडधड पेपरापर्यंत सोबत येते.

दोन पेपरांच्या मध्ये मोबाईलवर उत्तरं ताडत बसू नका. आणि पहिला पेपर कितीही वाईट गेला तरी पुढचे द्या. भावनेपोटी सांगत नाही, नियमातच ते आहे: ग्रुपमधले सगळे पेपर दिले तरच ६०च्या पेपराचं एक्झम्प्शन मिळतं. सप्टेंबरला लॉ वाईट गेला म्हणून टॅक्सला गेलोच नसतो, तर अकाउंट्सचे ६४ वाया गेले असते.

लॉ वाईट का गेला, तेही सांगून टाकतो. गल्लीत ढोल वाजत होते, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं म्हणजे आदल्या रात्री मीच गणपतीच्या मंडळात गेलो होतो, ‘अर्धा तास’ म्हणून, आणि एक वाजता परत आलो.

९. पेपर ते निकाल, आणि निकालानंतरचे तीस दिवस

शेवटच्या पेपरानंतर चार-पाच दिवस पूर्ण सुट्टी. त्यानंतर निकालाची वाट बघत बसायचं नाही. पास झालो तर दुसरा ग्रुप लागणारच आहे. त्यातला एक विषय नेहमीच्या निम्म्या कोट्यानं सुरू करा. दोन महिने कोरे गेले आणि निकाल विरुद्ध लागला, तर साठाचे पंचेचाळीस झालेले दिवस तिशीवर येतात.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म निकालाच्या आगेमागेच सुटतो आणि मुदत थोडी असते. ‘निकाल पचला की भरू’ म्हणणाऱ्यांना विलंब शुल्क पडतं, क्वचित अटेम्प्टच जातो. फॉर्म भरताना ग्रुप, माध्यम, केंद्र आणि एक्झम्प्शनचा रकाना दुसऱ्याला वाचायला सांगून तपासा.

निकाल विरुद्ध लागला तर त्या दिवशी काहीही ठरवू नका, कुणाशी चर्चाही नको. जेवा, झोपा. पण आठवड्याच्या आत एक काम करा: गेलेल्या पेपराच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. निकालापासून ३० दिवसांत अर्ज करता येतो, एका पेपराला ५०० रुपये. फेरतपासणी होत नाही. व्हेरिफिकेशन मागितलं तरी बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. प्रत मागवायची ती गुण वाढवून घ्यायला नाही, गुण कुठं गेले ते बघायला. माझ्या ३८च्या प्रतीत दोन उत्तरं अर्धवट होती, एका प्रश्नाचं पान कोरं होतं आणि ‘पर्सनली प्रेझेंट’ कुठंच नव्हतं. ‘मला लॉ येत नाही’ असं मी दोन महिने घोकत होतो. त्या कागदांवर तसं दिसत नव्हतं.

अर्ज करताना पेपर क्रमांक दोनदा बघा. माझ्या खानापूरच्या जोडीदारानं रात्री दीडला अर्ज भरला आणि लॉऐवजी अकाउंट्सची प्रत मागवली. ज्यात त्याला ७१ होते.